खिशातली माळ

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या एसटीत बसून मी त्या वॉटर पार्कचं तिकीट मागितलं की कंडक्टर हमखास माझ्याकडं एकदा खालून वरपर्यंत बघायचा. साठी उलटलेला माणूस, हातात कापडी पिशवी, सोबत पोरंबाळं नाहीत, आणि उतरणार कुठं, तर लोक जिथं भाड्याच्या चड्ड्या घालून घसरगुंडीवरून पाण्यात पडतात तिथं. एकदा एकानं विचारलंच, काका, तिथं कामाला आहात का? मी हो म्हणालो. ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त पगार नव्हता आणि राजीनामा द्यायची सोय नव्हती.

काम दर अमावस्येला असायचं. लातूरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, अमावस्येला बंद असतो. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी, मोंढ्यात आडत दुकान चालवतात. महिनाभर सोयाबीन, तूर, हरभरा, हमालांची ओरड आणि शेतकऱ्यांची घासाघीस. हक्काची सुट्टी म्हणाल तर ती अमावस्येचीच. त्या सुट्टीला दाजी लातूरकडून ड्रायव्हर घेऊन गाडीनं यायचे, मी नांदेडकडून एसटीनं, आणि मधल्या वाटेवर त्या पार्कच्या फाट्यावर आमची गाठ पडायची. तिथं त्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवलेले माझे काळे बूट मी चपला काढून पायात चढवायचो, कारण आम्ही जिथं जात होतो तिथं चपलेला प्रवेश नव्हता.

पार्क मोठं आहे. त्याचा सिमेंटचा डोंगर रस्त्यावरूनच दिसतो. डोंगरावरून धबधबा पडतो, आणि आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं तेव्हाही तो पडतच असतो. लाटांचा तलाव आहे, आकाशपाळणा आहे, भुताचं घर आहे. नऊवारी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या बायका आहेत, आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेले त्यांचे नवरे. ही सगळी गर्दी ओलांडून डोंगराच्या मागच्या अंगाला गेलं की एक काळं दार लागतं. दारावर 'फक्त सभासदांसाठी' असं लिहिलेलं आहे. दाजींनी खिशातलं कार्ड दाखवलं की दार उघडायचं. मग माझ्या मनगटाला पिवळ्या कागदाचा पट्टा चिकटवायचे. एका सभासदासोबत एकच पाहुणा, असा नियम होता, आणि पाहुणा ओळखू यावा म्हणून तो पट्टा. दवाखान्यात भरती झाल्यावर बांधतात तसलाच होता.

आत बोटीचा देखावा केला होता. भिंतींना गोल खिडक्या, छताला दोरखंड, बारच्या मागं बोटीचं मोठं लाकडी चाक. ज्यानं कोणी हे काढलं त्याला आमच्या भागापासून समुद्र किती लांब आहे ते कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं म्हणूनच त्यानं ते काढलं असावं. एसी एवढा की मी पिशवीत मफलर ठेवायला लागलो होतो. गोल खिडकीतून खालचा लाटांचा तलाव दिसायचा. दर थोड्या वेळानं भोंगा वाजायचा, लाटा सुरू व्हायच्या, माणसं तोंड उघडून ओरडायची, आणि काचेमुळं आवाज मात्र काही यायचा नाही. आत बसलेले लोक म्हणजे रस्त्या-पुलांची कामं घेणारे गुत्तेदार, प्लॉटिंगवाले, दोन-चार डॉक्टर, खत-बियाण्यांचे मोठे दुकानदार. सगळे एकमेकांना ओळखायचे आणि सगळे हळू बोलायचे. मोंढ्यात ज्यांचा आवाज तीन गल्ल्या पलीकडं जातो, ती माणसं तिथं कुजबुजताना पाहून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर आलं नाही.

पहिल्या वेळी मी ते कार्ड, ते चाक, ते रंगीत ग्लास जरा कौतुकानं पाहिले, हे कबूल करायला हवं. आयुष्य वीज कंपनीच्या सबस्टेशनात पाळ्या करण्यात गेलं. मुदखेडला होतो, जळकोटला होतो, शेवटी नांदेडला. असल्या ठिकाणी मला कोण बोलावणार होतं? पण दुसऱ्या अमावस्येला कौतुक संपलं आणि तिसऱ्यापासून कंटाळा सुरू झाला. लिंबूसोड्याचा एक ग्लास पुढ्यात घेऊन चार तास बसणं हे पाळी करण्यासारखंच होतं, फक्त इथं झोप काढता येत नव्हती.

मी का जात होतो, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी दाजींना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं की आता एक थेंबही पोटात गेला तर पुन्हा माझ्याकडं आणू नका. दाजी वाचले. मग बहिणीनं आमच्याकडच्या बायका करतात तेच केलं. जळकोटकडच्या एका महाराजांकडं त्यांना घेऊन गेली आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळकरी माणूस दारूला शिवत नाही, मटण-मच्छी खात नाही, एकादशी धरतो. दवाखान्याच्या गोळ्यांनी जे होत नाही ते माळेनं होतं, असं आमच्या भागात कितीतरी घरांतून ऐकायला मिळतं. कितीतरी घरांतून होतंही. दाजींनी वर्षभर माळ मन लावून पाळली. मग हे पार्क झालं, मोंढ्यातल्या चार मोठ्या लोकांनी मेंबर व्हायचं ठरवलं, आणि त्यांत दाजीही झाले.

एक दिवस बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, तू ह्यांच्यासोबत जात जा. तिथं बस, अन् येताना घरी घेऊन ये. बाकी काही करू नको."

बाकी काही करू नको, याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला. मला वाटलं, मी तिच्या नवऱ्याला चार शब्द सुनावीन अशी तिला भीती असावी. तशी भीती बाळगायचं कारण नव्हतं. दाजी माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहेत, पण ते आमच्या घरचे जावई. त्यांच्या ताटात पहिल्यांदा वाढायचं, त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही, त्यांनी शब्द टाकला तर नाही म्हणायचं नाही. आमचे वडील असेच वागले, मीही तसाच वागत आलो. लग्नात ज्यांचे पाय धुतले त्यांना दारू पिऊ नका असं सांगायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं, मी नुसता समोर बसलो तरी त्यांना लाज वाटेल आणि एखादा ग्लास कमी होईल. बहिणीलाही तेच हवं असेल, असं मी धरून चाललो.

लाज वाटली, पण ती वेगळ्या जागी. पहिल्याच दिवशी आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो, दाजींनी इकडंतिकडं पाहिलं, शर्टाचं वरचं बटण काढलं, गळ्यातली माळ डोक्यावरून वर काढली, डोळ्यांना लावली आणि माझ्यापुढं धरली. म्हणाले, "मेव्हणे, एवढी सांभाळा. तुम्ही घेत न्हाई, तुमचा हात स्वच्छ हाय." मी आपोआप हात पुढं केला. जावयानं काही दिलं तर घ्यायचं, ही सवयच. माळ टेबलावर ठेवायची नाही, पँटच्या खिशात कमरेखाली ठेवायची नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. मग त्यांनी निवांत हाक मारून कॉकटेल मागवलं.

त्यानंतर प्रत्येक अमावस्येला हेच. दाजींच्या मनात यात कुठंही खोट नव्हती, हेच मला सोसत नसे. माळ गळ्यात असताना पिणं पाप, म्हणून ते ती काढायचे. काढलेली माळ दारू पिणाऱ्याच्या खिशात नको, म्हणून ती माझ्याकडं द्यायचे. मटण मात्र त्यांनी खरोखर सोडलेलं. सोबत आलेले शेंगदाणे कुठल्या तेलात तळलेत, त्या तेलात आधी चिकन तर नव्हतं ना, याची ते एवढी चौकशी करायचे की बारवरचा माणूस त्यांना बघून आधीच मान हलवायला लागला होता. तो धर्माबादकडचा होता, मधेच एखादा शब्द तेलुगू बोलायचा. एकदा त्यानं नवीन काहीतरी आणलं. उंच ग्लास, हिरवट पाणी, आणि वर तुळशीची दोन पानं. दाजींनी ग्लास मागं सरकवला. दारूत तुळस घालतात होय, म्हणून ते त्याच्यावर एवढे तापले की शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर वळून बघायला लागले. मी खिशावर हात ठेवून बसलो. त्यांनी पानं बाजूला काढून दुसरा ग्लास आणायला लावला आणि तो प्यायले.

परत जाताना लातूरच्या अलीकडं, घराकडं वळणाऱ्या रस्त्याला लागण्याआधी गाडी बाजूला थांबायची. दाजी बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरायचे, बडीशेप आणि वेलदोडे चघळायचे, आणि माझ्याकडं हात पुढं करायचे. मी खिशातून माळ काढून द्यायचो. ते ती पुन्हा डोळ्यांना लावून गळ्यात घालायचे. मग आम्ही घरी. बहीण दारातच असायची. आधी त्यांच्या गळ्याकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि पायावर पाणी घ्या म्हणून आत जायची. मी रात्री तिच्याकडं मुक्काम करायचो आणि सकाळच्या गाडीनं नांदेडला परत. वाटेत तो सिमेंटचा डोंगर दिसला की मान दुसरीकडं वळवायचो.

दिवाळीनंतर दाजींचे पाय सुजायला लागले. बोटीच्या त्या खुर्चीत बसले की ते आधी बुटाच्या नाड्या सैल करायचे. मोजा खाली सरकला की घोट्यावर खोल वळ दिसायचा आणि तो बराच वेळ भरून यायचा नाही. डोळ्यांच्या कडा पिवळ्या दिसतात का, हे मी त्या निळ्या दिव्यांत बघायचा प्रयत्न करायचो, पण त्या उजेडात सगळ्यांचेच डोळे आजारी दिसत. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही बसताय कशाला मग समोर? मी तिच्यावरच चिडलो.

मग येळवस आली. लातूरकडं वेळ अमावस्या म्हणजे दिवाळीहून मोठा सण. सगळं गाव, सगळं शहर रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, त्यांची पूजा होते, आणि मग बाजरीचे उंडे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, गव्हाची खीर, मडक्यात आदल्या दिवशीच आंबवत ठेवलेली आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवतात. त्या दिवशी लातुरात चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. बहिणीनं मला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. दाजींच्या गावच्या रानात सगळे चुलते, चुलत्या, त्यांची लेकरं जमली होती. पूजा झाली. जेवणं झाली. दाजींनीही पोटभर भज्जी खाल्ली आणि मला वाटलं, आज काही नाही.

पण अमावस्या ती अमावस्या. हात धुऊन दाजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, चला, दिवस बुडायच्या आत परत येऊ. तेव्हाही मी नाही म्हणालो नाही. बहीण चुलीपाशी होती. आम्ही गाडीत बसताना तिनं मान वर करून एकदा पाहिलं, एवढंच.

पार्क रिकामं होतं. लाटांचा तलाव बंद, पाणी सपाट पडलेलं. धबधबा तेवढा चालू होता, बहुतेक बंद करायचं विसरले असावेत. लाउंजमध्ये आम्ही दोघं आणि तो धर्माबादचा माणूस, बाकी कोणी नाही. पट्टा चिकटवायलाही दारात कोणी नव्हतं. आमच्या अंगाला अजून रानातल्या धुराचा वास येत होता. दाजी खुर्चीत बसले, वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या, आणि वाकल्यावर त्यांना पुन्हा सरळ व्हायला वेळ लागला. दम लागला होता. तरी त्यांनी बटण काढलं, माळ काढली, डोळ्यांना लावली, माझ्या हातात दिली.

दोरा घामानं ओला झाला होता. मी ती खिशात टाकणार, तेवढ्यात मला माझ्या त्या खिशाचाच कंटाळा आला. याहून बरा शब्द मला आजही सापडत नाही. राग नव्हता. दाजींना धडा शिकवावा असंही डोक्यात नव्हतं. नुसतं वाटलं की आता हे होणार नाही माझ्याच्यानं. मी माळ दोन्ही हातांत धरली, डोळ्यांना लावली, आणि माझ्या गळ्यात घातली.

दाजी आधी हसले. मग हसायचे थांबले. "काय करायलाव, मेव्हणे?"

"घातली," मी म्हणालो.

"चेष्टा पुरं झाली. काढा."

"घातल्यावर काढत नसतात."

"तुम्हाला दर रविवारी मटण लागतंय."

"आता नाही लागणार."

त्यांचा हात टेबलावरून माझ्या गळ्याच्या दिशेनं आला आणि मधेच थांबला. स्वतःच्या गळ्यातली माळ काढणं हा त्यांचा आणि देवाचा मामला होता, तो त्यांनी आपल्या सोयीनं मिटवलेला. पण दुसऱ्याच्या गळ्यातल्या माळेला हात घालणं आमच्याकडं कोणी करत नाही. पिऊन पडलेला माणूससुद्धा करत नाही. एखाद्याला अशी दुसऱ्याची माळ आपल्या गळ्यात घालता येते का, हे मलाही ठाऊक नव्हतं. महाराजांनी नाही म्हटलं असतं बहुतेक. पण तिथं महाराज नव्हते.

तेवढ्यात ग्लास आला. निळा, वर कागदाची छत्री. दाजी त्या छत्रीकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "सगळे बसलेत तिथं," ते म्हणाले. "मी रानात कोणत्या गळ्यानं जाऊ?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपण काहीतरी केलं असं वाटलं. दाजींनी अर्धा ग्लास प्यायला, अर्धा ठेवला, दुसरा मागवला नाही. परतीच्या वाटेवर गाडी थांबली नाही, चूळ नाही, बडीशेप नाही. त्यांनी शर्टाची बटणं पार गळ्यापर्यंत लावून घेतली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दाजींच्या थोरल्या चुलतीचं लक्ष पहिल्यांदा माझ्याकडं गेलं. पाव्हणं, माळ घातली की, कधी घातली म्हणाली. आजच, म्हणालो. चांगलं केलंत, येळवशीला घातली म्हणजे लई चांगलं, असं म्हणून तिनं मला हात जोडले. दाजी लगेच बैलाकडं निघून गेले. बहीण मडक्यातून आंबील देत होती. तिनं माझ्या गळ्याकडं पाहिलं. माळेच्या दोऱ्याला मागं तिनंच गाठ मारून दिली होती, ती तिला ओळखू येणारच होती. पळी मडक्यात तशीच ठेवून ती म्हणाली, दादा, जरा घागर उचलायला ये, आणि मला कोपीच्या मागं घेऊन गेली.

मला वाटलं, ती रडेल, किंवा माझे आभार मानेल. आभाराचीही मी मनात तयारी केली होती, हे आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

"ही ह्यांची," ती म्हणाली.

मी मान हलवली. सगळं सांगायला लागलो. खिसा, टेबल, पार्कातली अमावस्या. तिनं मला मधेच थांबवलं.

"ते पितेत हे मला ठाऊक न्हाई असं वाटलं व्हय तुला? बडीशेपेनं जातोय व्हय वास?" ती खाली ढेकळावर बसली. "तू जायच्या आधी दोनदा माळ तिथंच कुठंतरी विसरून आले. मोकळ्या गळ्यानं घरी यायची लाज वाटली. मग रातभर दुकानात पोत्यावर पडले. दुसऱ्यांदा तर सकाळी हमाल उठवायला गेले अन् हे उठंचनात. म्हणून तुला लावलं. तू घेत न्हाईस, माळ ते तुझ्याकडंच देणार हे ठाऊक होतं. माळ तुझ्याकडं राहिली की ती घालून हे घरी येतेत. तेवढंच मागितलं होतं तुला. सोबत बस, अन् घरी घेऊन ये. आता मोकळ्या गळ्यानं हे कुठं जातील, सांग की."

इतके महिने खिशातल्या ज्या माळेला मी तिच्या नवऱ्याची लाज समजत होतो ती मुळात तिनं धरलेली दोरी होती, त्यांना घराकडं ओढून आणणारी, आणि ती मीच तोडून आलो होतो. मी गळ्याकडं हात नेला. म्हणालो, थांब, काढून देतो, तू दे त्यांना.

"नको," ती म्हणाली. "एकानं काढली तेवढी पुरं." आणि उठून, पदर खोचून, पुन्हा मडक्यापाशी गेली.

त्या संध्याकाळी सगळे मिळून एकाच गाडीतून परतलो, त्यामुळं दाजी घरी आले. पण पुढची अमावस्या यायची होती. ते दिवस मी नांदेडात कसे काढले ते बायकोला विचारावं. रविवारी तिनं नेहमीसारखं मटण आणलं, आणि गळ्यातली माळ बघून माझ्या पुढ्यात वरण-भात वाढला. वास घरभर होता. मला मटण मनापासून आवडतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. पाणी सुटलेलं तोंड घेऊन वरण-भात खाल्ला. ती म्हणाली, ज्यांनी सोडायचं ते सोडत नाहीत, अन् तुम्ही सोडून बसलात. पुढच्या रविवारी तिनं आणलंच नाही. फोन वाजला की मी दचकायचो. लातूरचा असला तर जास्तच.

अमावस्येला पहिल्या गाडीनं निघालो. कंडक्टरला या वेळी लातूरचं तिकीट मागितलं. डोंगर गेला, फाटा गेला, मी उतरलो नाही. बहिणीच्या घरी पोचलो तेव्हा दाजींची गाडी फाटकात उभी होती, ड्रायव्हर आत बसलेला. मी घरात गेलो नाही. दारापुढच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. जातील तिथं सोबत जायचं, आणि ते जिथं पडतील तिथून घरी आणायचं, एवढंच मला येत होतं.

थोड्या वेळानं दाजी बाहेर आले. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, गळा मोकळा. मला बघून थबकले.

"तुम्ही इथं?"

"तुम्ही जाल तिकडं येतो," मी म्हणालो.

ते दुकानाच्या किल्ल्यांशी चाळा करत उभे राहिले. मग माझ्या गळ्याकडं बघून म्हणाले, "मटण खरंच सोडलाव?"

"सोडलं."

"एकदाबी न्हाई?"

"न्हाई."

दाजी माझ्याहून एक पायरी खाली, माझ्या पायांशी बसले. जावई कधी तसा बसत नाही, मी गडबडून उठायला लागलो तर त्यांनी माझा गुडघा दाबून मला बसवलं. वाकून एका बुटाची नाडी सोडली. मग दुसऱ्याची. घोटा चोळत राहिले. म्हणाले, "मग आज दोघंबी उपाशीच." आणि ड्रायव्हरला हात करून सांगितलं की गाडी घेऊन जा, आज काम नाही.

गाडी सुरू झाल्याचा आवाज झाला. घरातून बहीण धावत बाहेर आली. दोन्ही हात पिठानं भरलेले. तिची नजर सरळ फाटकाकडं, रिकाम्या झालेल्या जागेकडं गेली, आणि चेहरा पडला. पायरीवर मी आहे एवढंच तिला कळलं असावं; नजर न हलवता तिनं मला विचारलं, "गेले का रे, दादा?"

"हितंच हाय," दाजी खालच्या पायरीवरून म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. हात पुसायचंही तिला सुचलं नाही. मग आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. आली ती दोन कप चहा घेऊन. देताना तिनं माझ्या गळ्याकडं पाहिलं नाही, त्यांच्याही नाही. पुढच्या अमावस्येला काय होईल, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. चहात साखर दोनदा पडली होती. तरी आम्ही तो सगळा प्यायलो.